मदत हवी आहे: पालकांच्या ग्रुपवर मोठा घोळ केलाय, आता काय करू?

चौथीची_बेन

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बडोद्याची. जुन्या शहरात एका प्रायमरी शाळेत शिकवते, गुजराती मीडियम, चौथीचा वर्ग, ४१ पोरं. त्यातली दहा-एक आपल्या मराठी घरची, बाकी गुजराती आणि थोडी यूपी-बिहारकडची. पालकांना सगळं वेळच्या वेळी कळलं पाहिजे असा प्रिन्सिपल मॅडमचा आग्रह, म्हणून जूनमधे शाळा उघडली त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. त्या ग्रुपचा आता मांडवी बाजार झालाय. सकाळी साडेसहाला "बेन, आज पीटीचा ड्रेस का?" (इथे मराठी आयासुद्धा आम्हाला बाई नाही, बेनच म्हणतात), रात्री अकराला "लेसन काय दिलंय, फोटो टाका ने", मधे गुलाबाची फुलं, कोणाची तरी फ्लॅट भाड्याने देण्याची जाहिरात, आणि नवरात्रात तर एका पप्पांनी गरब्याच्या पासची चौकशी चालवली होती. या सगळ्यात मी टाकलेली कसोटीची तारीख पार वर निघून जाते आणि आदल्या रात्री आठ जण विचारतात की कसोटी कधी आहे.

हे तर रोजचंच, खरा घोळ वेगळा आहे. मागच्या गुरुवारी कुकर लावून एका हाताने फोनवर टाइप करत होते. वर्गातल्या एका मुलाच्या आईला मेसेज करायचा होता, की याचं वाचन फार कच्चं आहे, चौथीत असून दुसरीच्या पुस्तकात अडखळतो, रोज घरी वाचून घ्या, तुमचं लक्ष नाही असं वाटतं. मुलाचं नाव घालून. आणि तो गेला ग्रुपवर. तिसरी शिट्टी झाली तेव्हा मला कळलं. लगेच सगळ्यांसाठी डिलीट केला पण तोवर सतरा जणांनी पाहिला होता, एकाने तर अंगठापण दिला वर! ते शेवटचं वाक्य लिहिलं नसतं तरी एकवेळ निभावलं असतं.

तेव्हापासून ती आई गेटवर येत नाही. आधी रोज न्यायला यायची, आता त्याच्या चुलत बहिणीबरोबर पाठवते, ती पण माझ्याच वर्गात आहे. तीनदा फोन केला, उचलला नाही. सॉरीचा मेसेज टाकला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आणि पोरगा, जो रोज तास संपला की "बेन, फळा पुसू?" करत यायचा, तो आता बाकावरून उठत नाही.

मला विचारायचंय ते असं की ग्रुपवरच सगळ्यांसमोर माफी मागू का, कारण चूक सगळ्यांसमोर झालीये. आणि दुसरं, पालकांना अभ्यासाचं, प्रगतीचं कळवायची तुमच्याकडे काय पद्धत आहे, जी मला रात्री अकरापर्यंत फोनला बांधून ठेवणार नाही पण ज्यांना खरंच कळायला हवं त्यांच्यापर्यंत पोचेल? कारण जे ग्रुपवर सारखे बोलतात त्यांच्या पोरांचं सगळं ठीकच असतं हो.

---

कोथरूड_डायरीज

आमच्या शाळेत अॅप आहे. हजेरी, होमवर्क, मार्क सगळं त्यावर येतं, टीचरचा नंबर पालकांकडे नसतोच. तुमच्या मॅनेजमेंटला सुचवा, प्रश्न मिटेल.

---

चौथीची_बेन

आभार, पण आमच्याकडे फळ्यावरचा दिवा गेला तर दोन महिने अर्ज चालतो. अॅप राहू दे.

---

टेकूभाऊ

आधी पाच मिनिटांची कामं करून टाका. ग्रुप सेटिंगमधे जाऊन फक्त अॅडमिनच मेसेज टाकू शकेल असं करा, गुलाब आणि गरबा दोन्ही बंद. ब्रॉडकास्ट लिस्ट कोणी सुचवेल, एका लिस्टमधे २५६ जण बसतात आणि प्रत्येकाला तो मेसेज स्वतंत्र येतो, पण एक मेख आहे. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, बाकीच्यांना जातच नाही. तुमच्या ४१ पैकी किती जणांनी नंबर सेव्ह केला असेल देव जाणे. तेव्हा सूचनांसाठी बंद ग्रुपच बरा.

आणि एका मुलाबद्दलचं काहीही, म्हणजे मार्कसुद्धा, ग्रुपवर नको. मार्कांची यादी टाकणारे शिक्षक आहेत अजून. ४१ घरांच्या फोनमधे दुसऱ्याच्या पोराचे मार्क कायमचे जाऊन बसतात. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती मागतो. कायदा सोडा, आपल्याला चाललं असतं का?

माफी मात्र ग्रुपवरच मागा, माझं स्पष्ट मत. चारचौघांत बोललात ना, मग चारचौघांत मागे घ्या.

---

रावपुरा_जुना

टेकूभाऊंशी सहमत. बाकी पालकांना कळवण्याचा विषय निघालाच आहे म्हणून, आपल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मधे अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मधे सगळ्या बडोदा संस्थानात लागू केलं, तेव्हा पोर शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड होता. शाळेचा निरोप असा थेट खिशापर्यंत पोचायचा. हल्ली शाळाच पालकांना घाबरतात.

---

मकरपुरा_शिफ्ट

रावपुरा काका, दंड आजही बसतोच की. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला आहे मी, शनिवारी सकाळी दहाला वाली मीटिंग (पालकसभा) ठेवतात, गेलो तर अर्धा दिवस कापला जातो. तो दंडच नाही का? आणि एवढं करून लाइनीत पाऊण तास उभं राहायचं, मग बेन प्रगतिपत्रक पुढे करणार, इथे सही करा, "थोडं लक्ष द्या घरी". झालं. लक्ष द्या म्हणजे काय करू ते कोणी सांगत नाही. मी आठवीपर्यंत शिकलोय, मुलीचं पाचवीचं गणित मला येत नाही, मग मी लक्ष देऊन तिच्याकडे नुसता बघत बसू का? बेन तुम्ही चांगल्या दिसता म्हणून तुम्हाला रागाने नाही बोलत, पण ते "तुमचं लक्ष नाही" वाचून माझ्याच पोटात कालवलं.

---

चौथीची_बेन

नाही हो, रागावण्यासारखंच आहे. मीटिंगचा वेळ मी कधी या बाजूने पाहिलाच नव्हता.

---

घंटा_झाली (निवृत्त)

बेन, मी नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा फोन फक्त हेडमास्तरांच्या टेबलावर. माझं थोडं लांबेल, वाचा.

पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, त्याला किती जमतंय, कुठवर आलाय हे सांगणं, हे शिक्षकाचं काम म्हणून शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय, २००९ च्या, कलम २४. त्यात शब्द भेटण्याचा आहे, मेसेजचा नाही. आणि नव्या शैक्षणिक धोरणात जे सर्वांगीण प्रगतिपत्रक म्हणतात, ज्यात मूल स्वतःबद्दल लिहितं, मित्र लिहितात, शिक्षक लिहितात, तेसुद्धा पालकभेटीच्या जोडीनेच द्यायचं आहे. नुसता कागद घरी गेला की काय होतं ते माझ्याकडून ऐका. एका पोराच्या वहीत मी वर्षभर लाल शाईने शेरे लिहिले, खाली रोज आजोबांचा अंगठा. वर्षाच्या शेवटी आजोबा भेटले, ते रिटायर्ड पोस्टमास्तर निघाले, सही मोत्यासारखी! अंगठा पोराचाच होता, शाई शाळेच्या स्टॅम्पपॅडची.

माझी पद्धत सांगते. हजेरीपटाच्या क्रमाने आठवड्याला पाच घरं. पन्नास पोरं असली तरी अडीच महिन्यांत फेरी पुरी. कधी घरी जायचं, कधी येताना भाजीच्या हातगाडीपाशीच गाठ पडायची. प्रत्येकाचं एक पान वहीत, त्यावर मी पाहिलेलं लिहायचं, मत नाही. "हुशार आहे, आळशी आहे" असलं काही नाही. "वजाबाकीत हातचा विसरतो, पण सुट्टे पैसे बिनचूक मोजतो" असं. तेच आईला वाचून दाखवायचं. आई लगेच म्हणते, हो, दुकानात तोच जातो.

आणि माफी ग्रुपवर अजिबात मागू नका. ज्या चोवीस घरांनी तो मेसेज पाहिला नाही त्यांनाही आता कळेल. त्या माउलीच्या घरी जा. आधी फोन करून नाही, फोन ती उचलणारच नाही.

---

टेकूभाऊ

चोवीस घरांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नाही. माघार.

---

चौथीची_बेन

(चार दिवसांनी लिहितेय)

गेले होते. तिथे जे कळलं त्याने मी अजून हबकलेय.

दोन खोल्या आणि वर पोटमाळा, दोघा भावांचं एकत्र कुटुंब. तिने दार उघडलं, बसा म्हणाली, पाणी दिलं, आणि मग उभीच राहिली. मी माफी मागायला लागले तर म्हणते, "तुम्ही काय लिहिलं ते मला वाचता आलंच नाही. जाऊबाईंनी वाचून दाखवलं."

ती नंदुरबारकडची. लग्न होऊन बडोद्याला आली, मराठी उत्तम वाचते, पण गुजराती लिपी येत नाही. बोललेलं सगळं समजतं, भाजीवाल्याशी फाडफाड भांडते, पण लिहिलेलं नाही. मी इथे जन्मले, शाळा इथली, आमच्याकडे दोन्ही लिप्या येतातच, त्यामुळे मला असं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही. जून महिन्यापासून मी जे जे पाठवलं, कसोट्यांच्या तारखा, सुट्ट्या, मीटिंग, ते सगळं मोठी जाऊ तिला वाचून दाखवते. त्या चुलत बहिणीची आई. आणि तो गुरुवारचा मेसेजही तिनेच स्वयंपाकघरात सासूसमोर मोठ्याने वाचला, शेवटच्या वाक्यासकट. माझी सॉरीपण तिनेच वाचली म्हणे! निळ्या टिका त्याच्या.

म्हणजे ४१ जणांचा ग्रुप राहिला बाजूला, तिच्यासाठी त्या घरातली दोन माणसंच पुष्कळ होती.

आणि मी तिला सांगत होते रोज वाचून घ्या! तिने पोराचं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं, म्हणाली, "हा बोट ठेवून काहीतरी म्हणतो, मी हं हं करते. खरं वाचतोय की मनाने सांगतोय मला कसं कळणार?" मकरपुरा भाऊ, तुमची आठवण आली.

आता घंटा_झाली बाई, इथे मला मदत करा. लिपी न येणाऱ्या आईला घरी काय करायला सांगू?

---

घंटा_झाली

बरं झालं गेलात. सोपं आहे. त्याने पान मोठ्याने वाचायचं आणि मग पुस्तक मिटून आईला तीच गोष्ट मराठीत सांगायची. गुजराती ऐकून तिला समजतं ना, मग वाचलेलं आणि सांगितलेलं जुळतंय का हे तिला बरोबर कळेल. मनाने सांगत असेल तर दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा वाचायला सांगायचं, मनातली गोष्ट रोज बदलते, छापलेली बदलत नाही. आणि कुठे थांबतो ते बघायचं. सारखा थांबत असेल त्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ. तिला शब्द यायची गरज नाही, थांबला हे ऐकू येतंच. ती रेघा घातलेली पानं तुम्ही शाळेत बघा.

---

मकरपुरा_शिफ्ट

हे माझ्या मिसेसला दाखवतो. गणितासाठी असं काही आहे का?

---

घंटा_झाली

आहे. उदाहरण तिने तुम्हाला शिकवायचं, तुम्ही मुद्दाम चुकायचं.

---

मकरपुरा_शिफ्ट

मुद्दाम चुकायची गरज नाही पडणार 😄

---

टेकूभाऊ

आणि बेन, त्या आईला लिहू नका, व्हॉइस नोट पाठवा. मराठीत. तिच्या स्वतःच्या फोनवर.

---

चौथीची_बेन

तेच सुरू केलंय. आता काय काय बदललं ते सांगते, कोणाला उपयोगी पडलं तर. ग्रुप बंद केला, म्हणजे फक्त मीच टाकते, शुक्रवारी एकदा, पुढच्या आठवड्याचं सगळं एकाच मेसेजमधे, आणि एकदम काही निघालं तरच मधे. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं तेव्हा कोणाच्या घरात पाणी, कोण नातेवाइकांकडे, हे ग्रुपवरूनच कळत होतं, तेव्हा तसं काही झालं तर सगळ्यांसाठी उघडेन असं सांगून ठेवलंय. एक पप्पा रागावून बाहेर पडले, दोन तासांनी परत आत घ्या म्हणाले. वाली मीटिंगला शनिवारऐवजी एक दिवस संध्याकाळी सहा ते साडेसात मागितलाय, मॅडम विचार करते म्हणाल्यात, म्हणजे दिवाळीनंतर बघू. आणि हजेरीपटाच्या क्रमाने रोज एक पालक, दोन मिनिटांची व्हॉइस नोट, ज्याच्या त्याच्या भाषेत. आधी सगळ्यांना विचारून घेतलं की कोणती भाषा. सहा घरांनी लिहिलेलं नको, बोललेलं पाठवा म्हणून सांगितलं. सहा! मला एकच माहीत होतं.

त्या आईने कालच्या नोटला पहिल्यांदा स्वतः उत्तर पाठवलं, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि पोराचं वाचन. पान १४, सहा रेघा. एकाच शब्दावर तीनदा अडला, जोडाक्षर आहे, आता कळलं कुठून धरायचं ते.

पण नवीन भानगड अशी की आज गेटवर मोठ्या जाऊबाईंनी मला थांबवलं. म्हणे माझ्या मुलीची नोट का नाही येत. अहो तुमचा नंबर तेविसावा, आणि तिचं वाचन झकास आहे, अक्षर सुरेख आहे, मला सांगायला खरंच काही नाहीये.

---

घंटा_झाली

मग हेच सांगा की. मराठीत सांगा, आणि मोठ्याने लावता येईल असं.