क्लार्क्सडेलचा ब्लूज आता नक्की कुणाचा?

स्वाती_मेंफिस:
मेंफिसहून ६१ नंबरच्या हायवेने दक्षिणेला निघालं की साधारण दीड तासात क्लार्क्सडेल येतं. अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टातलं, कापसाच्या शेतांमधलं गाव. ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय शेतमजुरांचं गिटारवरचं गाणं, याच भागात वाढलं. २०२० च्या जनगणनेत वस्ती १५ हजारांच्याही आत. सॅम कुक आणि आइक टर्नर हे नावाजलेले गायक-वादक इथेच जन्मले. ब्लूजमधलं मोठं नाव मडी वॉटर्स जवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा, १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. मी नऊ वर्षं मेंफिसमध्ये आहे आणि वर्षातून तीन-चार फेऱ्या तरी इकडे होतात.

गेल्या महिन्यात आम्ही इथल्या रेड्स लाउंज या ब्लूजच्या अड्ड्यात होतो. सनफ्लावर नदीजवळची बसकी इमारत, आत लाल दिवे. उंच स्टेज वगैरे नाही, वाजवणारा आपल्यासमोर जमिनीवरच. इतका जवळ, की त्याच्या बोटातली काचेची नळी गिटारच्या तारेवरून सरकताना तिची खरखर वेगळी ऐकू येते. सत्तरीला टेकलेला गायक होता. एक गाणं त्याने पंधरा मिनिटं धरून ठेवलं, प्रत्येक कडव्यानंतर थोडं हळू, थोडं खाली. मी खोलीतली डोकी मोजली. सव्वीस. जर्मन, डच, ऑस्ट्रेलियन, आम्ही दोघं. गावातले म्हणावेत असे तिघंच, आणि त्यातला एक ड्रमरचा भाऊ.

दहातली आठ माणसं कृष्णवर्णीय असलेल्या गावात ही अवस्था. गावातली पोरं रॅप ऐकतात, त्यांच्या आया सदर्न सोल नावाचं दुसरंच संगीत. माझं मत स्पष्ट आहे: इथला ब्लूज आता पाहुण्यांसाठी वाजतो. त्याला समाज म्हणायचं का? मला नाही म्हणवत. पटत नसेल तर भांडा.

पेठेतला_गिटारी:
भांडतोच. सव्वीस डोक्यांवरून निकाल लावू नका. क्रिस्टोन 'किंगफिश' इन्ग्रमचं नाव ऐकलंय ना? १९९९ चा जन्म, क्लार्क्सडेलचाच मुलगा. डेल्टा ब्लूज म्युझियमच्या वर्गात गिटार शिकला. २०२२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, त्या अल्बमचं नाव '६६२', म्हणजे त्याच्या भागाचा टेलिफोन कोड. तो वर्ग जुन्या वादकांनी चालवला. मुलाला समोर बसवायचं, बोटं कुठे ठेवायची ते दाखवायचं, चुकलं की पुन्हा. आपल्याकडे गुरूकडे बसून शिकतात त्यात आणि यात मला तरी फरक दिसत नाही. खोलीत कोण बसलंय त्यापेक्षा कोण शिकतंय ते बघा.

नदीकाठ:
गिटारीशी सहमत, आणि इतिहासही धाग्यात यायला हवा. इथला श्रोता पर्यटकांनी हाकललेला नाही, तो त्याच्या कितीतरी आधीच गेला. गावाबाहेरच्या हॉपसन मळ्यावर १९४४ मध्ये पेरणीपासून गाठी बांधण्यापर्यंतचं अख्खं पीक यंत्रांवर काढून दाखवलं. तोवर एकेका मळ्यावर बटईने कसणारी शेकडो कुटुंबं होती. त्यांच्या शनिवार रात्रीसाठीच जूक जॉइंट, म्हणजे गाण्या-नाचाचे अड्डे, होते: मक्याची दारू, तळलेले मासे, एक गिटार. यंत्र आलं, हात रिकामे झाले. वंशभेदाचा जाच आधीपासून होताच. माणसं आगगाडीने शिकागोला गेली आणि गाणं त्यांच्याबरोबर गेलं. मागे राहिलेल्या गावात ब्लूजला गर्दी कुठून येणार? ज्यांनी ती रिकामी जागा भरली, त्यांनाच दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

मीरा_ऑस्टिन:
नदीकाठ, हॉपसनचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. त्याच मळ्याच्या आवारात बटईदारांची झोपडी-घरं आज पर्यटकांना राहायला भाड्याने मिळतात. पत्र्याचं छप्पर आणि जुन्या फळ्या तशाच, आत एसी. आम्ही २०१८ मध्ये तिथे एक रात्र राहिलो. माझे आजोबा विदर्भात दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचे. बोंडाच्या काट्यांनी चिरलेली त्यांची बोटं मी लहानपणी हातात धरलेली आहेत. त्या फळ्यांकडे बघत मला झोप लागली नाही. ज्या घरातून माणसं कर्ज डोक्यावर घेऊन निघाली, ते घर 'अनुभव' म्हणून विकणं मला चूक वाटतं. मीही पैसे भरले होते, म्हणून हे अधिकच लिहावंसं वाटलं. स्वातीचा प्रश्न श्रोत्यांचा आहे. माझा मालकीचा आहे.

वांद्र्याचा_सुहास:
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. २०११ मध्ये मेहबूब स्टुडिओत बडी गाय या ब्लूज गिटारवादकाला ऐकलं. त्याआधी ब्लूज म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. तिथून मागे मागे जात मडी वॉटर्स, मग त्याचा मळा, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये थेट क्लार्क्सडेलचा जूक जॉइंट फेस्टिव्हल. लॉज, जेवण, सीडी, टिपांची बादली, सगळे मिळून मी जे पैसे खर्चले ते त्या गावातच खर्चले. माझ्यासारखा माणूस आला नाही तर तो सत्तरीचा गायक गुरुवारी रात्री कुणासाठी वाजवणार? बाहेरचा श्रोता हासुद्धा श्रोताच. त्याला समाजाबाहेर काढू नका, कळकळीने सांगतो.

स्वाती_मेंफिस:
सुहास, तुम्हाला कुणी बाहेर काढत नाही. तुम्ही तिथे गेलात याचा आनंदच आहे. पण तुमचे पैसे गावात किती राहिले, हा मीराचा मुद्दा मला आता जास्त टोचतोय.

रिव्हरसाइड हॉटेल घ्या. ती इमारत आधी कृष्णवर्णीयांचं रुग्णालय होती. १९३७ मध्ये अपघातानंतर ब्लूज गायिका बेसी स्मिथ तिथेच वारली. १९४४ पासून एका कृष्णवर्णीय बाईंनी तिथे हॉटेल चालवलं. गोऱ्यांच्या हॉटेलात पाय ठेवता येत नव्हता त्या काळात दौऱ्यावरचे वादक तिथे उतरायचे, आइक टर्नर तर राहायलाच होता. आजही ते त्याच कुटुंबाकडे आहे. २०२० च्या वादळात छताचं नुकसान झालं आणि ते बंद पडलं. मी दरवेळी तिथून गाडी हळू नेते. ज्यांनी हे गाणं सांभाळलं त्यांना छतासाठी अनुदानाच्या मागे धावावं लागतं, याचा मला राग येतो.

गिटारी, तुमचा वर्गाचा मुद्दा मात्र मान्य. मी तो लिहायलाच हवा होता. सव्वीस डोकी मोजली, दुपारच्या वर्गात कधी डोकावले नाही.

पेठेतला_गिटारी:
मालकीबद्दल सहमत, पण मग रेड्सही त्याच मापाने मोजा. रेड्सचे मालक रेड पेडन २०२३ च्या डिसेंबरमध्ये वारले, तरी जागा घरातच राहिली, मुलाने सोडली नाही. गावच्या माणसाची जागा, गावचा वादक, बाहेरचा श्रोता. तिघांत दोन गावचे आहेत. हा समाज नाही, असं म्हणणं मला अजूनही घाईचं वाटतं.

नदीकाठ:
एक राहिलं. २०२५ मध्ये १९३२ च्या क्लार्क्सडेलवर 'सिनर्स' हा मोठा हॉलिवूडपट आला, जगभर गाजला. शूटिंग लुइझियानात झालं, आणि क्लार्क्सडेलमध्ये तो लावायला थिएटरच नव्हतं. गावकऱ्यांनी उघडं पत्र लिहिलं, मग दिग्दर्शक स्वतः आला आणि गावात खास खेळ झाले. माझं आधीचं मत थोडं बदलतो: रिकामी जागा भरणाऱ्यांना दोष नाही, पण गावाला पत्र लिहून मागावं लागलं ही गोष्ट मीराच्या बाजूची आहे.

मीरा_ऑस्टिन:
पत्र लिहिणारे लोक आहेत, म्हणजे समाज आहे. स्वाती, एवढ्यापुरती मी गिटारीच्या बाजूने.

स्वाती_मेंफिस:
ठीक. पुढच्या महिन्यात जाणार आहे, यावेळी रात्रीऐवजी दुपारी. म्युझियममध्ये वर्गाची चौकशी करते. किती मुलं येतात, कुणाच्या घरची, गिटार स्वतःची की तिथली, सगळं विचारून इथेच लिहीन. सुहास, टिपांच्या बादलीत तुमच्या नावाचे वीस डॉलर टाकते, हिशोब नंतर.