कोल्हापुरी चपलांच्या पार्सलचा वाहतूक खर्च कसा कमी करावा?

प्रश्न
नमस्कार. कोल्हापुरात आमचा हाताने शिवलेल्या चपलांचा घरचा व्यवसाय असून, गेली दोन वर्षे आम्ही स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकांना माल पाठवतो. महिन्याला साधारण दीडशे पार्सले जातात आणि त्यांतील बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरीची असतात. जोडाचे वजन खोक्यासह 800 ग्रॅम भरते, परंतु कुरिअरच्या बिलात तेच पार्सल 2 किलोचे धरलेले असते. खोके 32 × 20 × 12 सेंटिमीटरचे आहे. शिवाय शंभरांतली वीसेक पार्सले परत येतात. दर कमी करून मागावा, की कंपनीच बदलावी? कारागिरांच्या मजुरीला कात्री लावून हा खर्च भागवणे आम्हाला मान्य नाही.

उत्तर १
कंपनी बदलण्याआधी खोके बदला. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी करतात. आकारमानाचे वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार भागिले 5000. तुमच्या खोक्याचा गुणाकार 7680 होतो, म्हणजे 1.54 किलो, आणि अर्ध्या किलोचे टप्पे असल्यामुळे ते थेट 2 किलोच्या टप्प्यात जाते. कोल्हापुरी चप्पल मुळातच सपाट असल्याने तिला 12 सेंटिमीटर उंची लागत नाही. एकीची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे येईल अशा रीतीने तळव्याला तळवा लावून ठेवल्यास 30 × 18 × 9 चे खोके पुरते, आणि ते 0.97 किलो भरून 1 किलोच्या टप्प्यात बसते. मोठ्या मापांसाठी 32 × 17 × 9 चे खोके करून घ्या. तेही किलोच्या आतच राहते.

मात्र मोजमाप बाहेरून होते, त्यामुळे खोके फुगले किंवा वरून जाड वेष्टन चढले तर हा हिशेब कोलमडतो. करारातील भाजकही वाचून घ्या, कारण तो 5000 ऐवजी 4000 असेल तर ही दोन्ही नवी खोकी दीड किलोच्या टप्प्यात जातील. प्रत्येक मापाच्या भरलेल्या खोक्याचे टेपपट्टी आणि वजनकाट्यासह छायाचित्र काढून ठेवा. बिलात वजन वाढवून लावले गेले, तर मुदतीत हरकत घेण्यासाठी तोच पुरावा उपयोगी पडतो.

उत्तर २
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या मते मोठी गळती परत येणाऱ्या पार्सलांत आहे. समजा, जाण्याचे 80 आणि परत येण्याचे 70 रुपये पडतात. मग शंभरांतली वीस परत आली की 3000 रुपये वाया जातात आणि ते उरलेल्या 80 पार्सलांवर वाटल्यास प्रत्येकी साडेसदतीस रुपयांचा बोजा येतो. दरात घासाघीस करून एवढी सूट मिळणे कठीण आहे. आगाऊ पैसे भरणाऱ्यास थोडी सवलत द्या, कॅश ऑन डिलिव्हरीच्या प्रत्येक ग्राहकाला माल पाठवण्यापूर्वी फोन करून पत्ता आणि माप पक्के करा, आणि नुसता नंबर न विचारता कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. चपलांच्या धंद्यात माप चुकणे हेच परतीचे मोठे कारण असते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. खोके पूर्णच वगळून नुसत्या प्लास्टिकच्या पाकिटातून पाठवले तर चालेल का?

उत्तर ३
साध्या पट्ट्याच्या चपलेला चालेल, पण गोंडा आणि कान (बाजूला निघालेल्या कातड्याच्या पाकळ्या) असलेल्या जोडाला नको, कारण ते दबून चेपतात आणि ग्राहक जोड जुना समजून परत करतो. पावसाळ्यात तर अधिक जपा. कातडे किंचित जरी ओलसर असताना प्लास्टिकमध्ये बंद झाले, तरी चार-पाच दिवसांच्या प्रवासात त्यावर बुरशी धरते. म्हणून जोड नीट सुकवून, कागदात गुंडाळून मगच पाकिटात घाला.

दुर्गम पिनकोडसाठी टपाल खात्याकडे जरूर चौकशी करा. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्टची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली असून, 1 ऑक्टोबर 2025 पासूनच्या नव्या दरांबरोबर नवीन घाऊक ग्राहकांना 5 टक्के सवलत आहे. कुरिअरच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. तुमची नियमित नोंदणी असेल, तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घालून घ्या, म्हणजे त्याचे क्रेडिट मिळेल, म्हणजेच तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होईल. कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची योजना) असाल तर ते मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना जाणारा माल मात्र कुरिअरने पाठवू नका. आठवड्याचा माल एकत्र बांधून ट्रान्सपोर्टने पाठवा आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती) करताना हमालीचे पैसे कोणी द्यायचे ते आधीच ठरवून घ्या.