कस्टमर सक्सेसला (म्हणजे गिऱ्हाईक टिकवायच्या कामाला) माणूस ठेवायचाय, खरं त्याला आधी काय बघायला लावू?

उद्यमबागवाला
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं बेळगावात बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर विकतो, गिऱ्हाईक म्हणजे इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या, मशीन शॉपवाले आणि निपाणी-संकेश्वरकडचे होलसेलवाले. विकणं जमतंय खरं टिकवणं जमंना. एप्रिलमध्ये एएमसीची (वार्षिक देखभालीची) बिलं पाठवली तर सात जणांनी फोनच उचलला नाही, आणि गंमत म्हणजे त्यातले चार असे की वर्षभरात एक तक्रार नाही, मी आपला समजून चाललोय की हे सगळ्यात खूश!! आता एक माणूस फक्त याच कामाला ठेवावा म्हणतोय. पुण्याचा मित्र सांगतो हेल्थ स्कोअर काढ (कुठलं गिऱ्हाईक टिकेल त्याचे गुण), एनपीएस घे ("आमची शिफारस कराल का" याचे गुण), दर तीन महिन्याला रिव्ह्यू मीटिंग ठेव. अरे फाउंड्रीच्या मालकाला रिव्ह्यू मीटिंग म्हटलं तर तो म्हणणार भट्टी चालू हाय, नंतर या. माणूस एकच परवडतोय, तर त्यानं पहिलं काय धरावं?

निपाणीचा_दुकानदार
तक्रार नाही म्हणजे वापर नाही ओ, येवढं सोपं आहे. आमच्याकडं पण असंच एकाचं सॉफ्टवेअर होतं, दोन महिने चाललं मग मुनीम गपचूप टॅलीवर गेला, आम्ही त्या लोकांना कळवलं पण नाही, कशाला कळवायचं. त्या चौघांचं शेवटचं बिल तुमच्या सिस्टीममधून कधी निघालं ते आधी बघा.

शिनोळी_रोड
वरच्या भावांशी सहमत. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा लांबड लावतो.

हेल्थ स्कोअर वगैरे नंतर. पहिला आठवडा धरा. आपल्याकडची गोम अशी की गिऱ्हाईक बेळगावचं, जीएसटीत कर्नाटकचा कोड २९, आणि त्याची निम्मी पार्टी पलीकडं शिनोळीला नाहीतर कोल्हापूरला, महाराष्ट्राचा कोड २७. शिनोळी आपल्याला गावाबाहेरचं वाटतं खरं कागदावर परराज्य. मास्टर (सॉफ्टवेअरमधली पार्ट्यांची यादी) भरताना कुणीतरी घाईत सगळ्यांना कर्नाटक टाकून मोकळा होतो, मग आयजीएसटीच्या (परराज्यातल्या विक्रीचा टॅक्स) जागी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा) लागतो, बिलं जातात, आणि समोरची पार्टी बोंब मारते तेव्हा कळतं. तोवर रिटर्न भरून झालेला असतो, मग बरोबर टॅक्स परत भरा आणि चुकीच्याचा रिफंड मागत बसा. एकदा असं झालं की तो मालक तुमचं तोंड बघत नाही, चूक डेटा भरणाऱ्याची असली तरी. म्हणून माझा नियम, पहिली दहा बिलं आणि पहिलं परराज्यातलं ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) आपला माणूस शेजारी बसून काढणार, त्याशिवाय इन्स्टॉलेशन पूर्ण झालं म्हणायचं नाही.

दुसरं, त्यांचं कॅलेंडर तुमच्या भिंतीवर पाहिजे. ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० ला ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न), एप्रिलला नवीन बिल सिरीज. २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, ऐन घटस्थापनेदिवशी. बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब गेले. जीएसटी कौन्सिलचा निर्णय ३ तारखेलाच आला होता, म्हणजे हातात अडीच आठवडे होते, त्यात आम्ही प्रत्येक सिमेंट-हार्डवेअरवाल्याला फोन करून आयटम मास्टर (मालाची आणि दरांची यादी) बदलून दिला. त्यातला एकपण गिऱ्हाईक यंदा एएमसीला नाही म्हणाला नाही. तसंच कुणाची उलाढाल ५ कोटीला टेकत आली असेल तर तुम्ही आधी जाऊन सांगा की पुढच्या वर्षापासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागणार. ई-इनव्हॉइसचं मॉड्यूल आपोआप विकलं जातं ते वेगळंच :)

फाउंड्री_अकाउंट्स
मी पलीकडच्या बाजूची, एका कारखान्यात अकाउंट्स बघते. दादा राग मानू नका खरं तुम्ही सप्लायर लोक मालकाला खूश करता. मालक मोबाईलवर रंगीत डॅशबोर्ड बघतो, सही करतो, आणि वापरायचं मला. आमच्या स्टोअरचे अण्णा कन्नड, मी मराठी, डिस्पॅचचा पोरगा बिहारचा, आणि ट्रेनिंग झालं इंग्लिश स्लाइडवर एका दुपारी!! अण्णांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून परत वहीत लिहायला लागले. वहीतलं संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर चढवायचे, म्हणजे सॉफ्टवेअर आल्यावर माझं काम वाढलं की. मी तीन महिने सुट्टीवर गेले तर कुणी चढवलंच नाही, मार्चला स्टॉक जुळंना. मालकांनी दोष सॉफ्टवेअरला दिला. मी काही बोलले नाही.

तर प्रत्येक कारखान्यात निदान दोघांना तरी शिकवा आणि अण्णांना कन्नडमधून. आणि २० तारखेच्या आसपास "मॅडम फीडबॅक द्या" म्हणून फोन करू नका, हात जोडून विनंती.

रोखठोक_चिकोडी
सगळं ठीक आहे, पेट्रोल कोण घालणार? आठ हजारात सॉफ्टवेअर घेतलेल्या गिऱ्हाइकाकडं महिन्याला गोकाकपर्यंत पळायचं काय? लहान गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर दोन मिनिटाचा व्हिडिओ, मोठ्याकडं स्वतः जा. आणि काही जण सुटले तर सुटू देत, विकतानाच "बारकोड पण होतंय, सगळं होतंय" म्हणून गळ्यात मारलेलं असतंय ते टिकत नसतंय. सक्सेसवाला माणूस सेल्सच्या थापा निस्तरायला ठेवणार असाल तर पगार वाया.

उद्यमबागवाला
सगळ्यांचे आभार. थापांचं जरा झोंबलं कारण सेल्स मीच करतो.

शेवटची बिलं बघितली. चौघांपैकी तिघांनी दिवाळीनंतर एकपण बिल काढलेलं नाही, आणि दोन ठिकाणी आम्ही शिकवलेला माणूसच नोकरी सोडून गेलाय, आम्हाला पत्ता नाही. मॅडम, तुमचं वाचून आमच्याच स्लाइड काढून बघितल्या, इंग्लिशच होत्या.

माणूस ठेवायचं महिनाभर पुढं ढकललंय, तोवर मीच फिरतो. उद्या संकेश्वर. तिथला नवीन मुनीम फक्त कन्नड बोलतो म्हणे आणि माझं कन्नड स्वल्प स्वल्प, बघू काय होतंय. @शिनोळी_रोड, त्या पहिल्या दहा बिलांची तुमची काही तपासणी यादी असेल तर टाका की.