फ्रोझन पिझ्झात जर्मनांचा हात कोणी धरू शकत नाही

तळपारखी (धागाकर्ता)

बारा वर्षांत नोकरीपायी चार देशांत बिऱ्हाड हलवलं. प्रत्येक ठिकाणी भांडीकुंडी लागायच्या आधी फ्रीझर भरला, आणि पहिले पंधरा दिवस फ्रीझर म्हणजे पिझ्झाच. त्या अनुभवाच्या जोरावर सांगतो, फ्रोझन पिझ्झा करावा तर जर्मनांनी.

माझी परीक्षा सोपी आहे. पिझ्झा वरून बघायचा नाही, खालून बघायचा. तुकडा काठाला धरून उचला. टोक लटकलं, की नापास. मग तळावर नख मारा. टक् असा आवाज आला पाहिजे.

डॉ. ओएटकर या जर्मन कंपनीचा रिस्टोरान्टे घ्या. १९९६ पासून बाजारात आहे. अंगानं पातळ, वजन साधारण तीन-सव्वातीनशे ग्रॅम, दहा-बारा मिनिटांत तयार. तळ खणखणीत. दुसऱ्या जर्मन ब्रँडचा, वॅगनरचा 'स्टाइनओफेन', म्हणजे दगडी भट्टीवाला, थोडा जाड असतो, पण त्याचंही टोक ताठ राहतं. शिवाय पालक काय, टूना-कांदा काय, टॉपिंगमध्ये जरा डोकं लावलेलं असतं.

आता अमेरिकेचा डिजॉर्नो. १९९५ मध्ये क्राफ्टनं आणला. 'हा डिलिव्हरीचा नाही, डिजॉर्नो आहे' अशा अर्थाची जाहिरात फार गाजली. फुगणारा काठ, एकाचं वजन पाऊण किलोच्या घरात. पोट भरतं यात वाद नाही. पण दोन तुकडे खाल्ले की आपण पिझ्झा खाल्ला की सॉस लावलेला पाव, असा प्रश्न पडतो. आणि नॉर्वेचा ग्रँडिओसा? मऊ बेस, वर चीज आणि ढोबळ्या मिरचीचे लाल चौकोन. त्याला चीज-टोस्ट म्हणा, माझी हरकत नाही.

क्रम: जर्मनी, इटली, अमेरिका, आणि दारामागे नॉर्वे. हाणा आता.

उत्तरध्रुव

दारामागे उभे राहून लिहितोय.

तळपारखी, तुमची चूक पट्टीत आहे. तुम्ही सगळ्यांना इटलीच्या पातळ पिझ्झाची पट्टी लावताय. ग्रँडिओसानं तो दावा कधी केलाच नव्हता. १९८० साली स्टाबुरेट कंपनीनं तो आणला, पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्रांडा गावात बनतो. साडेपाचशे ग्रॅमच्या वर वजन, म्हणजे घरातल्या दोघातिघांनी मिळून खायचा. चीज यार्ल्सबर्ग, म्हणजे इथलंच. मोझरेलासारखी तार यावी ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवायचीच कशाला?

इथे तो पिझ्झाचा एक प्रकार म्हणून खात नाहीत. तो 'ग्रँडिओसा' म्हणूनच खातात. कित्येक घरांत नाताळच्या रात्रीसुद्धा तोच असतो. २००६ मध्ये त्याच्या जाहिरातीचं गाणं इथल्या गाण्यांच्या यादीत पहिलं आलं होतं. रिस्टोरान्टेवर कोणी गाणं म्हटल्याचं ऐकलंय?

टोक लटकतं, मान्य. म्हणून तो काट्याचमच्यानं खातात. टोक उचलायचंय कोणाला!

वाटसरू

"टोक उचलायचंय कोणाला" +१
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पिझ्झा संपला.

जाडकाठ

धागाकर्त्यांचं "सॉस लावलेला पाव" वाचून राहवलं नाही.

मुळात ही दोन वेगळी यंत्रं आहेत. पातळवाले बेस कारखान्यात आधीच भाजून घेतात, वर माल घालतात आणि गोठवतात. घरी तुम्ही फक्त गरम करून रंग आणता. फुगणाऱ्या काठाचं तसं नाही. तिथे कणीक कच्ची किंवा अर्धवट असते, यीस्टच्या जोडीला बेकिंग पावडरसारखं काहीतरी असतं, आणि पिझ्झा तुमच्या ओव्हनमध्ये पहिल्यांदा फुगतो. घरभर ताज्या भाजणीचा वास येतो तो त्यामुळे. तुमच्या पातळ पिझ्झाला येतो का तो वास? त्याचा वास कारखान्यातच राहिला.

कच्च्या पिठाची जोखीमही सांगतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये कच्च्या कणकेच्या फ्रोझन पिझ्झातून ई. कोलाय जंतूंची साथ आली, मुलं दगावली. पिठातही जंतू असतात हे लोक विसरतात. म्हणून पाकिटावर लिहिलेली मिनिटं पाळायची, 'वरून लाल झालं की काढलं' असं करायचं नाही.

आणि अमेरिकेनं जगाला शिकवलं ते विसरू नका. मिनियापोलिसच्या रोझ टोटिनो बाईंनी नवऱ्याबरोबर पिझ्झाचं हॉटेल चालवलं, मग फ्रोझनमध्ये उतरल्या. १९७५ मध्ये कंपनी पिल्सबरीला विकली आणि पिल्सबरीच्या पहिल्या महिला उपाध्यक्ष झाल्या. गोठवलेला बेस चामट होतो यावर त्यांनी कुरकुरीत बेसची युक्ती काढली, पेटंटही मिळालं. तुम्ही ज्या टक् आवाजाची आरती ओवाळताय, त्याच्यासाठी या बाईंनी केव्हाच घाम गाळला होता.

तळपारखी

@जाडकाठ, टोटिनो बाईंना दंडवत. पण म्हणजे तुम्हीच कबूल केलंत ना, की कुरकुरीत तळ हेच खरं ध्येय? बाईंनी काठ फुगवण्यासाठी नव्हता घाम गाळला.

@उत्तरध्रुव, जे काट्याचमच्यानं खावं लागतं त्याला माझ्या घरी पिझ्झा नाही, कॅसरोल म्हणतात, म्हणजे ओव्हनमध्ये भांड्यात भाजलेला पदार्थ.

लेबलवाचक

चव ज्याची त्याला लखलाभ. मला एवढंच सांगा, तुलना करताना कोणी पाकिटाची मागची बाजू वाचली का?

अमेरिकन पाकिटावरचे आकडे 'एका सर्व्हिंग'चे असतात, आणि ते सर्व्हिंग म्हणजे पिझ्झाचा पाचवा-सहावा हिस्सा. युरोपात १०० ग्रॅममागे आकडा देणं बंधनकारक आहे. म्हणून अमेरिकन पिझ्झा कागदावर सडपातळ दिसतो. एक सर्व्हिंग खाऊन थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दुसरं, मीठ. अमेरिकन पाकिटावर सोडियम लिहितात, युरोपात मीठ. सोडियमला अडीचनं गुणा, मग मीठ मिळतं. १०० ग्रॅमला ४८० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १.२ ग्रॅम मीठ. हा गुणाकार न करता "जर्मन पिझ्झा खारट" म्हणणारे लोक भेटलेत मला.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. युरोपात नावात किंवा चित्रात जो पदार्थ मिरवलाय, त्याची टक्केवारी घटकांच्या यादीत द्यावी लागते. 'मोझरेला' नाव असेल तर किती टक्के मोझरेला ते छापलेलं असतं. अमेरिकेत घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं येतात, टक्के सहसा कळत नाहीत. तिथल्या स्वस्त पिझ्झावर 'इमिटेशन', म्हणजे नकली, चीज असतं, पण ते बारीक अक्षरात शोधावं लागतं.

या हिशेबानं माझं मत जर्मनीला नाही आणि अमेरिकेलाही नाही. ज्या देशात टक्केवारी छापतात तिथे मी डोळे उघडे ठेवून खातो, एवढंच.

मोझरेला मावशी

अरे पोरांनो, तुम्ही भांडताय खरे, पण मूळ ठिकाणाचं म्हणणं तर ऐका. युरोपीय संघानं २०१० मध्ये 'पिझ्झा नापोलेताना'ला पारंपरिक खाद्य म्हणून नोंदवलं. त्या नियमात भट्टीचा तळ ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास, भाजणी ६० ते ९० सेकंद, आणि तो गोठवून विकायचा नाही, असं स्पष्ट आहे. घरचा ओव्हन २५० ला धापा टाकतो. तेव्हा फ्रोझनमध्ये 'अस्सल' कोणाचाच नाही, जर्मनांचा तर नाहीच.

तरी इटलीत फ्रोझन पिझ्झा भरपूर खपतो, आणि तिथले कारखाने बेस खऱ्या लाकडाच्या भट्टीतून काढून गोठवतात असेही आहेत. काठाला काळे फोड दिसतात ना, ते त्याचे. तळपारखींनी इटलीला दुसरा नंबर दिला, पण कोणता पिझ्झा खाल्ला ते लिहिलं नाही. पाकिटावर 'कॅमेओ' नव्हतं ना? कॅमेओ म्हणजे डॉ. ओएटकरचंच इटलीतलं नाव आहे हो. जर्मनीला पहिला नंबर दिलात आणि दुसराही जर्मनीलाच.

तळपारखी

मावशी, कॅमेओच होता. :(

लेबलवाचक

मावशींनी दार उघडलंच आहे तर आत शिरतो. ब्रिटनचा शिकागो टाउन? तोही डॉ. ओएटकरचा. डिजॉर्नो? क्राफ्टनं २०१० मध्ये आपला फ्रोझन पिझ्झा नेस्लेला ३.७ अब्ज डॉलरला विकला. तोच डिजॉर्नो कॅनडात 'डेलिसिओ' नावानं मिळायचा, २०२३ मध्ये नेस्लेनं कॅनडातल्या फ्रोझन पिझ्झातून काढता पाय घेतला. तुमचा लाडका वॅगनरही नेस्लेच्या पंखाखाली गेलेला. आणि रेड बॅरनची तर गंमतच आहे. नाव पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकाचं, कंपनी मिनेसोटाची श्वान्स, आणि २०१९ पासून तिचे मालक कोरियन, सीजे.

आता सांगा, झेंडे कशावर लावताय?

जाडकाठ

मालक कोण याच्याशी जिभेला काय घेणंदेणं? नेस्लेकडे डिजॉर्नोही होता आणि वॅगनरही, तरी दोन्ही एकसारखे झाले का? नाहीत. कारण अमेरिकन गिऱ्हाईक जाड काठ मागतं आणि जर्मन गिऱ्हाईक पातळ. ब्रँड गिऱ्हाइकाच्या मागे चालतो. त्यामुळे देशाची तुलना करण्यात अर्थ आहेच. कोरियात ओत्तोगीनं २०१६ मध्ये फ्रोझन पिझ्झा आणला तो बुलगोगी, म्हणजे कोरियन पद्धतीनं भाजलेलं गोमांस, आणि मक्याच्या दाण्यांचा. तो जर्मनीत नसता चालला.

उत्तरध्रुव

जाडकाठ, नकळत तुम्ही माझीच बाजू मांडलीत. आभार.

बर्फाळ

शीतगृहात काम करतो, म्हणून एक भर. तुम्ही ज्याला ब्रँडचा दोष म्हणता तो पुष्कळदा वाटेतला दोष असतो. पिझ्झा उणे १८ ला राहिला पाहिजे. ट्रकमधून उतरवताना अर्धा तास उन्हात राहिला, थोडा सुटला आणि पुन्हा गोठला, की सॉसमधलं पाणी बेसमध्ये उतरतं. मग कितीही भाजा, मध्यभागी चिकट लगदाच राहतो. ओळखायची खूण: प्लॅस्टिकच्या आत पांढऱ्या भुग्यासारखा बर्फ साचलेला असेल आणि टॉपिंग एका कडेला सरकलेलं असेल, तर तो परत ठेवा. पिझ्झा एकदा तरी वितळलाय. मी स्वतः असा एक आणला होता, नाव सांगत नाही, कारण बिचाऱ्या कंपनीची चूक होती की ट्रकवाल्याची हे मला कळायला मार्ग नव्हता.

तळपारखी

बर्फाळ यांचं वाचून काल रात्री एक उद्योग केला. सध्या मुक्काम अमेरिकेत, भाड्याचं घर, जुना ओव्हन. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. डायल ४०० फॅरनहाइटवर, म्हणजे २०५ सेल्सिअसच्या आसपास. ओव्हननं 'तापलो' म्हणून घंटी वाजवली तेव्हा काटा ३४० वर. आणखी वीस मिनिटं थांबलो, तेव्हा कुठे ३९० झाला.

म्हणजे इथे खाल्लेले सगळे जाड पिझ्झा मी घंटीवर विश्वास ठेवून, थंड भट्टीत भाजले होते. काल नीट तापवून, ट्रे काढून, थेट जाळीवर ठेवला. काठ फुगला. वास आला. जाडकाठ, तो वास खरा आहे, एवढं लिहून देतो.

तळावर नख मारलं. टक् नाही, पण ठप् आला. टोक जरासं लटकलं.

अमेरिका दुसऱ्या नंबरवर घेतो. कॅमेओला जर्मनीच्या खात्यात टाकतो. इटलीचा खरा इटालियन खाल्ल्याशिवाय बोलणार नाही. नॉर्वेबद्दल मत बदललेलं नाही.

मोझरेला मावशी

ट्रे काढला हे बरं केलंस. बारा वर्षं ट्रेवर भाजत होतास?

तळपारखी

मावशी, पहिल्या वर्षी तर खालच्या पुठ्ठ्यासकट भाजत होतो.

उत्तरध्रुव

आणि चीज-टोस्ट आम्ही म्हणे.