बाह्य ग्राफिक्स कार्ड ओळखले जाते, पण ‘कोड १२’ येऊन चालू होत नाही

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. माझ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सखेरीज ४ गिगाबाइट मेमरीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे. त्रिमितीय दृश्यांच्या रेंडरिंगला, म्हणजे त्यांची अंतिम चित्रे तयार करायला, ते अपुरे पडू लागल्यामुळे मी थंडरबोल्ट ३ या वेगवान केबल-जोडणीचा बाह्य बॉक्स घेतला आणि त्यात ८ गिगाबाइटचे डेस्कटॉप कार्ड बसवले. दोन्ही कार्डे एकाच कंपनीची आहेत. बॉक्स जोडल्यावर कार्डाचे पंखे फिरतात, विंडोज ११ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे नावही दिसते. परंतु त्यावर पिवळे चिन्ह येते आणि पुरेशी मोकळी संसाधने सापडत नसल्याचा संदेश, म्हणजे कोड १२, दिसतो. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, विंडोजचे सर्व अपडेट घेतले, तरी फरक पडलेला नाही. क्वचित एखाद्या वेळी बॉक्स जोडूनच लॅपटॉप सुरू केला, तर कार्ड चालू होते, मात्र रेंडर सुरू करताच काही वेळात जोडणी तुटते. केबल बॉक्सबरोबर आलेली नाही. टेबलाची मांडणी सोयीची व्हावी म्हणून मी वेगळी, दोन मीटर लांबीची घेतली आहे. दोष कार्डात आहे, बॉक्समध्ये की लॅपटॉपमध्ये, हे कसे ठरवावे?

तांब्याचीतार

तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकत्र सोडवायला गेलात तर गोंधळ वाढेल. जोडणी तुटण्याची तक्रार आधी हातावेगळी करा, कारण तिचा संशय सरळ केबलवर जातो. थंडरबोल्ट ३ चा ४० गिगाबिटचा वेग साध्या, म्हणजे टोकांमध्ये सिग्नल सावरणारी चिप नसलेल्या, केबलमध्ये साधारण अर्ध्या मीटरपर्यंतच मिळतो. त्याहून लांब साधी केबल असेल तर वेग २० गिगाबिटवर येतो, आणि दोन मीटरपर्यंत पूर्ण वेग हवा असेल तर चिप असलेली ॲक्टिव्ह केबल किंवा थंडरबोल्ट ४ चे प्रमाणपत्र असलेली केबल लागते. टोकाचा आकार यूएसबी-सी असला म्हणून केबल थंडरबोल्टची ठरत नाही. विजेचे चिन्ह आणि त्याशेजारी ३ किंवा ४ हा आकडा टोकावर छापलेला आहे का, ते पाहा. लॅपटॉपच्या पोर्टालाही हेच लागू आहे. यूएसबी४ च्या पोर्टवर पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे ग्राफिक्स कार्ड ज्या मार्गाने प्रोसेसरशी बोलते तो, वाहून नेण्याची सोय लॅपटॉप बनवणाऱ्यांसाठी ऐच्छिक होती, त्यामुळे तसे पोर्ट असलेला प्रत्येक लॅपटॉप बाह्य कार्ड चालवेलच असे नाही.

कार्डाचे वीज-कनेक्टरही एकदा तपासा. स्लॉटमधून ७५ वॅटच मिळतात, आठ पिनांचा प्रत्येक कनेक्टर १५० वॅट देतो, आणि भार आल्यावर अचानक बंद पडणाऱ्या कार्डाची तार पुष्कळदा नीट खटकन बसलेली नसते. पंखे फिरतात एवढ्यावरून वीजपुरवठा पुरेसा आहे असा निष्कर्ष काढू नये.

शून्यएक

केबलविषयी वर लिहिले आहे ते योग्यच आहे, पण कोड १२ चा केबलशी संबंध नाही आणि ड्रायव्हरशीही नाही. कार्डाचे नाव दिसते आहे याचा अर्थ जोडणी झाली, थंडरबोल्टची परवानगी मिळाली आणि विंडोजने कार्ड ओळखलेसुद्धा. घोडे पेंड खाते आहे ते पत्त्यांच्या जागेवर.

प्रत्येक पीसीआय उपकरण संगणकाकडे मेमरीच्या पत्त्यांचा एक सलग पट्टा मागते आणि त्या पट्ट्यातूनच प्रोसेसर त्याच्याशी बोलतो. तुमच्यासारखे कार्ड साधारणपणे १६ मेगाबाइट, २५६ मेगाबाइट आणि ३२ मेगाबाइट असे तीन पट्टे मागते. लॅपटॉपचे फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारे बायोस, जुन्या पद्धतीने वागत असेल तर ही सगळी वाटणी ४ गिगाबाइटच्या खालच्या पत्त्यांतच करते, आणि तिथला बराचसा भाग मुख्य मेमरीने आधीच अडवलेला असतो. उरलेल्या जागेत प्रोसेसरमधले ग्राफिक्स, तुमचे आतले कार्ड, वाय-फाय, कार्ड रीडर, एसएसडी हे सगळे आपापला वाटा घेऊन बसलेले असतात. त्यात बाह्य कार्ड थेट जोडलेले नसून एकामागे एक असलेल्या पुलांच्या, म्हणजे पीसीआयच्या वाटेतल्या जोडदुव्यांच्या, पलीकडे असते. त्याला हवी असलेली जागा त्या पुलांच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यात मावली पाहिजे, आणि २५६ मेगाबाइटचा पट्टा २५६ च्याच पटीतल्या पत्त्यावर सुरू व्हावा लागतो. एकूण जागा शिल्लक असूनही सलग जागा नसते, म्हणून नकार मिळतो. बॉक्स जोडून लॅपटॉप सुरू केल्यावर कधी कधी कार्ड चालते ते यामुळेच: सुरुवातीची वाटणी फर्मवेअर करते तेव्हा बाह्य कार्ड समोर असेल, तर त्याच्यासाठी जागा राखली जाण्याची शक्यता वाढते.

पडताळणी सोपी आहे. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूमधून उपकरणे संसाधनांच्या प्रकारानुसार लावा आणि मेमरीची यादी उघडा. तिथे ‘लार्ज मेमरी’ अशी नोंद असेल तर ४ गिगाबाइटच्या वरची जागा विंडोजला उपलब्ध आहे. ती नसेल तर वर सांगितलेली अडचणच तुमची अडचण आहे. मग आतले स्वतंत्र कार्ड तात्पुरते डिसेबल करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि बाह्य कार्डावरचे पिवळे चिन्ह गेले का ते पाहा. रीस्टार्टच करा, शटडाउन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि जुनी वाटणी तशीच पुढे येऊ शकते. बायोसमध्ये ‘अबव्ह फोर-जी डीकोडिंग’ असा, ४ गिगाबाइटच्या वरचे पत्ते वापरू देणारा, पर्याय सापडला तर तो चालू करणे हा मूळ इलाज आहे, मात्र लॅपटॉपमध्ये तो सहसा लपवलेला असतो.

विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. पत्त्यांची जागा फर्मवेअर ठरवते, त्यामुळे त्यात सगळा दिवस जाईल आणि संदेश तोच राहील.

अर्धविराम

दोघांचेही आभार. ‘लार्ज मेमरी’ची नोंद माझ्याकडे नाही आणि बायोसमध्ये तो पर्यायही नाही. आतले कार्ड डिसेबल करून रीस्टार्ट केल्यावर कोड १२ गेला, परंतु त्याच्या जागी कोड ४३ आला. तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर मुळासकट काढला, इंटरनेट बंद ठेवून डेस्कटॉप कार्डाचा ड्रायव्हर टाकला आणि कार्ड चालू झाले. अर्ध्या मीटरची प्रमाणित केबल लावल्यापासून रेंडर मध्येच तुटलेला नाही. रेंडरचा वेग अपेक्षेप्रमाणे आहे. मात्र त्रिमितीय दृश्य लॅपटॉपच्या पडद्यावर फिरवून पाहताना ते अडखळते. एवढे मोठे कार्ड असताना असे का व्हावे, ते कळत नाही. शिवाय आतले कार्ड कायमचे बंद ठेवावे लागेल का?

शून्यएक

कोड ४३ चा अर्थ ड्रायव्हरने स्वतःच कार्डाविषयी तक्रार केली आणि विंडोजने ते थांबवले. एकाच कंपनीच्या लॅपटॉप-कार्डाचे आणि डेस्कटॉप-कार्डाचे जुने ड्रायव्हर एकत्र राहिले की तो दिसू शकतो, तेव्हा तुम्ही केलेली सफाई योग्यच होती. इंटरनेट बंद ठेवले हेही चांगले केले, नाहीतर विंडोज अपडेट आपल्या पसंतीचा ड्रायव्हर मध्येच टाकून मोकळे होते.

अडखळण्याचे कारण मार्गात आहे. थंडरबोल्ट ३ मधून कार्डाला पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या चार लेन, म्हणजे डेटाच्या समांतर वाटा, मिळतात. कागदावर ते ३२ गिगाबिट होतात, प्रत्यक्षात डेटासाठी साधारण २२ गिगाबिट उरतात. डेस्कटॉपमध्ये त्याच पिढीच्या सोळा लेन असतात. रेंडरिंगमध्ये दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत गेले की बहुतेक काम तिथेच होते, म्हणून तिथे तोटा जाणवत नाही. दृश्य फिरवताना मात्र सतत देवाणघेवाण चालते आणि तयार झालेले प्रत्येक चित्र त्याच केबलने लॅपटॉपच्या पडद्याकडे परतते. १९२० बाय १०८० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर त्यालाच सुमारे ४ गिगाबिट लागतात, १४४ वेळा पाठवायचे तर साडेनऊ. मॉनिटर थेट बाह्य कार्डाच्या पोर्टला जोडा आणि तोच मुख्य पडदा ठेवा. ही परतीची फेरी वाचेल. काही लॅपटॉपमध्ये थंडरबोल्टच्या चिपला चारऐवजी दोनच लेन दिलेल्या असतात. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाला x४ मिळतात की x२ ते पाहा, पण भार देऊन पाहा, कारण रिकामे असताना कार्ड वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग खाली आणते.

तांब्याचीतार

आतल्या कार्डाबद्दल एक गोष्ट राहिली. ते डिसेबल करण्याआधी लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट कशाला जोडलेले आहे ते तपासायला हवे. काही लॅपटॉपमध्ये ते थेट स्वतंत्र कार्डाला जोडलेले असते आणि कार्ड बंद झाले की पोर्टही मुके होते. तुमच्याकडे तसे असेल तर मॉनिटर बॉक्सलाच लावा, म्हणजे वरचा सल्लाही पाळला जाईल. बाहेर जाताना बॉक्स सोडून लॅपटॉप नेत असाल तर आतले कार्ड पुन्हा एनेबल करायला हरकत नाही, फक्त परत बॉक्स जोडण्याआधी ते बंद करून एकदा रीस्टार्ट करावे लागेल. बॉक्स काढताना टास्कबारवरील सुरक्षित काढण्याच्या पर्यायातून कार्ड सोडवा. रेंडरिंगचे सॉफ्टवेअर उघडे असेल तर विंडोज नकार देईल, तेव्हा ते आधी बंद करा. लॅपटॉपच्या कंपनीने बायोसचे नवे अपडेट दिले असेल तर तेही घ्या, कारण काही वेळा पुलांसाठी राखलेली जागा त्यातून वाढवली जाते आणि मग दोन्ही कार्डे एकत्र चालतात. अपडेट घेतल्यावर बायोसमधली थंडरबोल्टची सुरक्षा-पातळी मूळ स्थितीवर गेली असण्याची शक्यता आहे. तसे झाले तर कार्ड यादीतच दिसणार नाही आणि बॉक्सला नव्याने परवानगी द्यावी लागेल.