गांडूळ मेलं म्हणजे जंताचं औषध सापडलं का?

धंतोलीकर: नागपुरातल्या फार्मसीच्या पोरांचे प्रोजेक्ट पाहून राहिलो. पळसाच्या बिया नाहीतर वावडिंगाचा अर्क काढायचा, डिशमधे गांडूळ सोडायचं, किती मिनिटांत लुळं पडलं अन् किती मिनिटांत मेलं ते घड्याळ लावून लिहायचं, बाजूच्या डिशमधे अल्बेंडाझोल, म्हणजे जंताची नेहमीची गोळी, अन् अर्काने लवकर मेलं की 'कृमिनाशक गुण सिद्ध'. माझ्या मते हे बंदच करा. गांडूळ मातीत राहते, कातडीतून श्वास घेते. पोटातल्या गोल जंताचा गटच वेगळा, त्याच्या अंगावर चिवट आवरण असते. गांडूळ तर मिठाच्या दाट पाण्यातही मरते.

मास्तर_फार्मसी: बंद करा म्हणणं सोपं आहे भाऊ. उंदीर वापरायचे तर अ‍ॅनिमल हाऊस पाहिजे, एथिक्स कमिटीची परवानगी पाहिजे, पोरांच्या हातात एकच सेमिस्टर असतो. गांडूळ ही फक्त पहिली चाळणी आहे.

धंतोलीकर: चाळणीतून काही गाळलं गेलं पाहिजे ना सर. अल्बेंडाझोल जंताच्या ट्युब्युलिनवर, म्हणजे पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या प्रथिनावर, काम करते, जंत उपाशी पडून हळूहळू मरतो, त्याला दिवस लागतात. तुम्ही मिनिटं मोजता, मग कोणताही जहाल अर्क त्याच्या पुढे जाणारच. आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाचं बघा, मूळ जपानच्या मातीतला जिवाणू, पण मर्क या औषध कंपनीच्या लॅबमधे त्याचं कल्चर जंत झालेल्या उंदरांना दिलं होतं, म्हणजे जंत गेला अन् उंदीर जगला का हे एकाच टेस्टमधे दिसलं. 2015 चं वैद्यकातलं अर्धं नोबेल त्याच कामाला मिळालं.

काटोलचा_शेळीवाला: आमच्या शेळ्यांत औषधं लागू पडेनाशी झाली त्याचं कोणी बोलत नाही. खाटकाकडे शेळीचं चौथं पोट उघडून बघा, लाल-पांढऱ्या पिळाचे बारीक जंत, हिमोंकस म्हणतात त्याला. लेंड्यांतून त्याची अंडी काढा, औषधात ठेवा, किती अंड्यांतून अळ्या निघाल्या ते मोजा. सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेज आहे, विचारा तिथं. त्यात शेळी मरत नाही, पैसाही फार लागत नाही.

गोधनीची_मायक्रो: सी. एलिगन्स पण घ्या, मातीतला बारीकसा गोल जंत. लॅबमधल्या आगारच्या थरावर ई. कोलाय जिवाणू खाऊन वाढतो, तीन-चार दिवसांत पुढची पिढी.

मास्तर_फार्मसी: तो तरी कुठं परजीवी आहे? मग माझ्या गांडुळाने काय घोडं मारलं?

गोधनीची_मायक्रो: तो नेमॅटोड आहे सर, पोटातल्या गोल जंतांच्याच गटातला. बेंझिमिडाझोलला, म्हणजे अल्बेंडाझोलच्या गटातल्या औषधांना, रेझिस्टन्स कोणत्या जीनमुळे येतो ते त्याच्यातच कळलं. अन् हे आपल्या घरचं काम आहे, 2019 मधे नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन औषधं एकत्र दिली, त्यानं जंताची रक्तातली पिल्लं मरतात पण मोठा जंत पक्का मारणारं औषध अजून पाहिजेच आहे.

मास्तर_फार्मसी: अंड्यांची टेस्ट पुढच्या बॅचला लावतो, लेंड्या काटोलहून मागवीन. गांडूळ मात्र पहिल्या वर्षाच्या पोरांना हात बसायला ठेवणारच.

धंतोलीकर: ठेवा, पण रिपोर्टमधे 'सिद्ध' लिहू देऊ नका.