ब्रेक लागतोय, मग रिकॉल कशाला?

'माझा ब्रेक तर मस्त लागतोय, मग रिकॉलला कशाला जाऊ?' हा प्रश्न वाचून राहवलं नाही. (रिकॉल म्हणजे दोष निघाला की कंपनी विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावते ते.) डिसेंबर २०२१ मध्ये रॉयल एन्फील्डने मागच्या ड्रम ब्रेकच्या सुमारे २६,३०० क्लासिक ३५० मोटरसायकली परत बोलावल्या, त्यांचेही ब्रेक रोज लागतच होते. लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घट्ट धरतात, तेव्हा ते ज्यावर बसवलेले असतात ती ब्रेक प्लेटही चाकाबरोबर फिरायला बघते. तिला अडवून धरतो तो स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा) ब्रॅकेट. दोष नेमका त्याच ब्रॅकेटमध्ये होता आणि तो दिसणार कधी, तर ब्रेकवर जोर देऊन उभं राहाल तेव्हा. कुत्रं आडवं आल्यावर. सिग्नलला हळूच दाबून काय कळणार?

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्या. कंपनीकडे बहुधा पहिल्या मालकाचा नंबर असतो, मेसेज त्यालाच जातो. आमच्या भावाच्या गाडीचं (कंपनी दुसरी) तसंच झालं, वर्षभर पत्ताच नव्हता. आरसीवरचा चॅसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. काम फुकट असतं. फक्त जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या पावतीवर) 'रिकॉल' असं लिहून घ्या, नाहीतर ऑइल बदलून, गाडी धुऊन परत देतात!